डावे-उजवे

इ. स. १८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील नामांकित शस्त्रवैद्य व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी एका गायिकेच्या एका स्तनातील रोगट गाठ काढली, आणि ती काढल्यावर छातीची एक बाजू भरलेली व दुसरी बसलेली राहील, जिचा चरितार्थ लोकांसमोर उभे राहण्यावर आहे तिला हे व्यंग जन्मभर जाचत राहील, हे ओळखून तिच्याच कमरेजवळची चरबीची एक निरुपद्रवी गाठ सोडवून घेऊन त्या पोकळीत बसवून दिली. स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे झाडून सारे ग्रंथकार ह्याच प्रसंगापासून आरंभ करतात. परंतु चेर्नींचा हेतू दोन बाजूंत फरक पडू नये एवढाच होता, ही गोष्ट त्या विद्येला पुढे जो बाजार मिळाला त्याच्या गलबल्यात कोणाच्या ध्यानी राहिली नाही. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांची दफ्तरे चाळीत गेले असता असे दिसते की, जिची छाती वयात येतानाच विषम वाढली अशा तरुण मुलीसाठी म्हणून शस्त्रवैद्यांनी स्वतंत्रपणे फारच थोडे शोधले. कर्करोगाने स्तन गमावलेल्या बायकांसाठी, स्तनांच्या भाराने पाठमान दुखणाऱ्या बायकांसाठी आणि हौसेखातर पैसे मोजणाऱ्या बायकांसाठी ज्या युक्त्या निघाल्या त्या तिने उसन्या घेतल्या, आणि त्या युक्त्यांच्या गुणांबरोबर त्यांचे दोषही मुकाट्याने पदरात घेतले.

कोणत्याही स्त्रीचे दोन स्तन मापाला तंतोतंत सारखे नसतात, आणि वयात येण्याच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत एक बाजू आधी उमलून दुसरी मागाहून येणे हे तर इतके सर्वसाधारण आहे की त्याची चिंता करण्याचे कारण नाही. तथापि काही मुलींच्या बाबतीत ही मागे राहिलेली बाजू मागेच राहते, किंवा एक बाजू वाजवीपेक्षा फार वाढते. आणि त्यामागे कधी काहीच कारण सापडत नाही, तर कधी एखादी मोठी गाठ, कधी जन्मतःच नसलेला छातीचा स्नायू, कधी बालपणी त्या जागी झालेली शस्त्रक्रिया असते. लहान मुलीच्या स्तनाग्राखाली एका बाजूस आलेली टणक गुठळी ही उमलू लागलेल्या स्तनाचीच कळी असते. ती गाठ समजून तपासणीकरिता कापून काढली म्हणजे त्या जागी पुढे स्तन वाढत नाही, हे शहाणपण वैद्यांना थोड्याथोडक्या मुलींचे नुकसान झाल्यावर सुचले नसणार. आपल्याकडे ह्या यादीत भाजल्याचे व्रण धरलेच पाहिजेत. चुलीपाशी किंवा उकळत्या पाण्याने पोळलेल्या मुलीची कातडी आकसून घट्ट होते, आतला स्तन शाबूत असूनही त्याला बाहेर यावयास वाव राहत नाही, आणि अशा वेळी व्रण सोडवून तेथे नवी कातडी लावणे एवढ्यानेच पुष्कळदा आतली वाढ मोकळी होते.

व्हिएन्नाचे रॉबर्ट गेर्सुनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पातळ केलेले पॅराफिन सुईने शरीरात भरण्याचा प्रघात पाडला, आणि तो थोड्याच अवधीत स्तनांपर्यंत पोहोचला. त्याच्या गुठळ्या झाल्या, कातडी फुटून जखमा वाहू लागल्या. पुढे १९५०च्या दशकात कृत्रिम स्पंज बसवून पाहण्यात आले. तेही कालांतराने आकसून कठीण झाले. ह्या दोन्ही प्रकरणांवर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

खरी प्रगती प्रथम झाली ती मोठी बाजू लहान करण्याच्या विद्येत. शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२२च्या सुमारास अवलंबिलेल्या रीतीत स्तनाग्र व त्याभोवतीचे काळसर मंडल अजिबात कापून वेगळे करावयाचे, आतला जादा भाग काढून टाकावयाचा, आणि मग ते मंडल कलमासारखे नव्या जागी रुजवावयाचे अशी तजवीज होती. उतारवयातील बाईला हे चालून जाते, पण विशीतल्या मुलीच्या स्तनाग्राची संवेदना आणि पुढे मुलाला अंगावर पाजण्याची शक्यता ह्या दोन्हींवर त्यात पाणी सोडावे लागते. म्हणून त्यापुढील अर्धशतक शस्त्रवैद्य एकाच खटाटोपात गुंतलेले दिसतात: स्तनाग्राला रक्त पोहोचविणारा जिवंत देठ राखून बाकीचे कसे कमी करावे? स्वीडनच्या स्ट्रॉम्बेक यांनी १९६० साली हा देठ आडवा ठेवला, अमेरिकेच्या मॅकिसॉक यांनी १९७२ साली उभा ठेवला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तो खालच्या बाजूने ठेवण्याची रीत रूढ झाली. ह्यूस्टनच्या रॉबर्ट वाइज यांनी १९५६ साली जो आराखडा प्रसिद्ध केला त्याचा उगम मात्र मला सर्वांत मनोरंजक वाटतो. स्तनाच्या गोलाईवर सपाट आकृती कशी उतरवावी हा प्रश्न त्यांनी शरीरशास्त्राच्या ग्रंथांत न शोधता ब्रेसिअर बेतणाऱ्यांच्या कागदी नमुन्यांत शोधला, आणि किल्लीच्या भोकासारखी दिसणारी ती आकृती आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत शाईने रेखली जाते. त्या रीतीचा नांगराच्या आकाराचा व्रण मात्र एकाच बाजूला राहिला म्हणजे आकाराची विषमता जाऊन व्रणाची विषमता उरते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर, विशेषतः छातीच्या मध्यभागी, व्रण जाड होऊन वर येण्याची प्रवृत्ती असल्याने हा मुद्दा क्षुल्लक नव्हे. ब्रुसेल्सच्या मादलेन लजूर यांनी १९९०च्या सुमारास पुढे आणलेल्या उभ्या व्रणाच्या पद्धतीने ह्या अडचणीला बराच उतार पडला.

लहान बाजू मोठी करण्याची कथा याहून वेगळ्या वळणाची आहे, आणि तिच्यात १९६२ ह्या एका सालात दोन गोष्टी योगायोगाने एकत्र आल्या. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात १८४१ साली आल्फ्रेड पोलंड नावाच्या विद्यार्थ्याने एका मृत कैद्याचे शवविच्छेदन करताना त्याच्या छातीचा मोठा स्नायू एका बाजूस जवळजवळ नसल्याचे आणि त्याच बाजूच्या हाताची बोटे जुळलेली असल्याचे नोंदवून ठेवले होते; त्याच रुग्णालयातील पॅट्रिक क्लार्कसन यांनी १९६२ साली त्या जुन्या नोंदीला तिच्या कर्त्याचे नाव दिले. ह्या विकाराच्या मुलीला त्या बाजूस स्तन तोकडा किंवा नाहीसा असतो, एवढेच नव्हे तर काखेची पुढची कडच नसते, त्यामुळे नुसता उंचवटा तयार करून भागत नाही. आणि त्याच वर्षी ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनची पातळ पिशवी सिलिकॉनच्याच घट्ट द्रवाने भरून ती पहिल्या स्त्रीच्या छातीत बसवली. ती बाई आली होती अंगावरचे गोंदण काढून घेण्यास! स्वतःच्या मागणीवाचून ती इतिहासात दाखल झाली.

ही पिशवी, म्हणजे आज ज्याला सर्वत्र इम्प्लांट म्हणतात ती वस्तू, विषम छातीच्या मुलीच्या हाती आली तेव्हा तिचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. परंतु दोन्हीकडे सारखी पिशवी बसविलेल्या बाईच्या दोन्ही बाजू बरोबरीने जुन्या होतात. एकाच बाजूस पिशवी असलेल्या मुलीच्या दोन बाजू दोन वेगळ्या नियमांनी चालतात. पिशवीभोवती शरीर जो पडदा तयार करते तो कधी आवळतो आणि ती बाजू टणक व उंच होते. दुसरी बाजू मात्र वजनाबरोबर वाढते, बाळंतपणात भरते, दूध तुटल्यावर ओघळते. विसाव्या वर्षी शस्त्रक्रियेच्या टेबलावर साधलेला मेळ पस्तिसाव्या वर्षी मोडतो, मग दुरुस्तीची शस्त्रक्रिया येते, आणि पिशवी मुळात आजन्म टिकणारी वस्तू नसल्याने पुढे आणखी एक. एकट्या लहान बाजूस पिशवी बसविण्यापेक्षा मोठी बाजू थोडी कमी करून व उचलून घेऊन दोन्हीकडे थोडे थोडे काम करावे, ह्या मताकडे पुष्कळ शस्त्रवैद्य झुकले त्याचे कारण हेच. आणि तरीही मला असे वाटते की, दोहोंपैकी कोणती बाजू ‘आपली’ असे ती मुलगी समजते हे तिला आधी विचारले पाहिजे, आणि ती बाजू शक्यतो अस्पर्श राखली पाहिजे.

मधल्या काळात चेदोमिर रादोव्हान यांनी १९७०च्या दशकात कातडीखाली रिकामी पिशवी ठेवून तीत आठवड्या-आठवड्याने खारे पाणी भरून कातडी ताणण्याची जी युक्ती काढली, ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी होती. पण वाढत्या वयाच्या मुलीची एक बाजू दुसरीच्या बरोबरीने हळूहळू फुगवीत नेण्यास ती नेमकी उपयोगी पडली. पाठीचा रुंद स्नायू पुढे वळवून आणण्याची इटालियन शस्त्रवैद्य तान्सिनी यांची विसाव्या शतकाच्या आरंभीची, मध्यंतरी विस्मृतीत गेलेली रीतही त्याच दशकात पुन्हा उजेडात आली आणि पोलंडच्या विकारात तिने काखेची कड भरून काढली. अर्थात काही मुलींच्या पाठीचा तो स्नायूही जन्मतः दुबळा असतो, हे आधी तपासून न पाहणाऱ्याची फजिती ठरलेली.

ह्या मुलीचे म्हणता येईल असे एकच प्रकरण मला सापडते, ते १९७६चे. न्यूयॉर्कच्या थॉमस रीस व शेरेल ॲस्टन यांनी त्या साली एका विशिष्ट घडणीच्या स्तनाचे वर्णन करून त्याला कंदाची उपमा दिली: बूड अरुंद, खालची कातडी अपुरी, आणि वाढीला दुसरी वाट न मिळाल्याने फुगून पुढे आलेले मंडल. एका बाजूस हा दोष अधिक व दुसऱ्या बाजूस कमी असणे हे त्यात नेहमीचेच. अशा स्तनात सरळ पिशवी घातली तर जुना स्तन नव्या उंचवट्यावर वेगळा डोंगरासारखा उभा राहतो. म्हणून आतील ग्रंथीला चक्राच्या आऱ्यांसारखे छेद देऊन ती आधी पसरावी लागते, स्तनाखालची घडी खाली उतरवावी लागते आणि मंडल लहान करावे लागते.

सिलिकॉनच्या पिशवीवर १९९२च्या आरंभी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मनाई घातली, आणि ती पूर्णपणे उठली २००६च्या नोव्हेंबरात. त्या वेळच्या परवान्याची कलमे वाचण्यासारखी आहेत. हौसेच्या वर्धनासाठी वयाची २२ वर्षे पुरी हवीत, पुनर्रचनेसाठी वयाची अट नाही. आणि पुनर्रचना म्हणजे काय, तर कर्करोग वा इजा यांमुळे गेलेला स्तन, अथवा गंभीर विकृतीमुळे नीट न वाढलेला स्तन. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीची विषमता गंभीर की साधारण ह्या फैसल्यावर तिचे वय आडवे येते की नाही हे ठरले! १९९८च्या अमेरिकी कायद्याने कर्करोगग्रस्त स्त्रीच्या निरोगी बाजूचीही शस्त्रक्रिया, दोहोंचा मेळ बसावा म्हणून, विम्यात धरणे बंधनकारक केले. जन्मतः विषम मुलीला त्या कायद्याचा काडीचा आधार नाही. पुढे २०१० साली फ्रान्समध्ये पीआयपी ह्या कंपनीने औद्योगिक सिलिकॉन भरल्याचे उघडकीस आले, आणि २०१९च्या जुलैमध्ये ॲलर्गन कंपनीने विशिष्ट खडबडीत पृष्ठाच्या पिशव्या एका विरळ लसिकाकर्काच्या धोक्यापायी जगभरातून परत घेतल्या. थेंबाच्या आकाराची पिशवी जागेवर फिरू नये म्हणून तिला खडबडीत पृष्ठ लागते, आणि विषम व कंदाकार स्तनांत तीच अधिक पसंत केली जात असे. म्हणून ह्याही वेळी झळ ह्या मुलींना लागल्यावाचून राहिली नाही.

चेर्नींची चरबी ह्या सगळ्या उलाढालीनंतर परत आली. पोटामांड्यांची चरबी बारीक नळीने ओढून स्तनात सोडण्यास अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संस्थेने १९८७ साली सक्त विरोध केला होता, कारण मेलेल्या चरबीत जमणारे चुन्याचे कण क्ष-किरणांत कर्करोगासारखे भासतील अशी भीती होती; ते भेद ओळखता येऊ लागल्यावर २००९ साली त्याच संस्थेने आपला सूर बदलला. सोडलेल्या चरबीपैकी काही भाग शरीर पचवून टाकते, म्हणून दोन-तीन वेळा हे करावे लागते. पण उरलेली चरबी त्या मुलीचीच असते, तिच्या वजनाबरोबर वाढते व घटते, आणि एकाच बाजूच्या कामात ह्या गुणाचे मोल फार मोठे आहे. मात्र सडपातळ मुलीच्या अंगावर द्यायला चरबीच नसते, ही अडचण कोणत्याही संस्थेच्या ठरावाने दूर होणारी नव्हे.

“डॉक्टर, हिचं लग्न ठरायच्या आत काय ते उरकून टाका,” हे आईचे वाक्य आपल्याकडच्या शस्त्रवैद्यांच्या कानांना नवे नाही. आणि मुलगी त्या वेळी ओढणी सावरीत भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत असते. सामान्यतः वाढ पुरी होऊन वर्षभर माप स्थिर राहीपर्यंत, म्हणजे अठराच्या आसपास, थांबावे आणि तोवर अंतर्वस्त्रात भरीव गादी वापरावी, असा संकेत आहे. तो योग्यही आहे; फक्त थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे हे ध्यानात घेतले पाहिजे. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते २१ वयाच्या, विषमता असलेल्या ५९ मुलींची तुलना इतरांशी केली, तेव्हा त्यांचा आत्मविश्वास व भावनिक स्वास्थ्य अतिवाढ झालेल्या स्तनांच्या मुलींइतकेच खालावलेले आढळले. शस्त्रक्रियेच्या दिवशीही घाईला जागा नसते. रेषा आखल्या जातात त्या मुलगी उभी असताना, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत दोन्हीकडे फीत लावून, कारण आडवे झाले की स्तन पसरतो आणि माप खोटे ठरते. आणि गुंगीत असलेल्या रुग्णाला मध्येच टेबलाची पाठ उचलून बसते केले जाते, शस्त्रवैद्य पायथ्याशी जाऊन डावे-उजवे पाहतात, मग पुन्हा टाके.

तमिळनाडू सरकारने २०१८ साली चेन्नईच्या शासकीय स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात गरीब स्त्रियांना स्तनांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करून देण्याचे जाहीर केले तेव्हा सरकारी पैशाने सौंदर्योपचार कशाला, असा ओरडा झाला. त्या ओरडणाऱ्यांनी विषम छातीच्या मुलीचा विचार केला होता असे दिसत नाही. बाकी आपल्या देशात तिची भिस्त घरच्या पैशावर आहे. विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना ठरवून दिलेल्या अपवर्जनाच्या कलमात रूप बदलणारी शस्त्रक्रिया वगळली आहे, परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळलेली नाही. तसेच आरोग्याला थेट व तातडीचा धोका असल्यास तो टाळणारा उपचार, उपचार करणाऱ्या डॉक्टराने तसा दाखला दिल्यास, मान्य होतो. पोळल्यामुळे एक बाजू खुरटलेल्या मुलीचा दावा ह्या कलमाखाली उभा राहू शकतो. पोलंडच्या विकाराने एक बाजू न उगवलेल्या तिच्या मैत्रिणीला तातडीचा धोका कोणताच नसतो, आणि डॉक्टर सचोटीचा असेल तर तसा दाखला तो लिहून देऊ शकत नाही.