इंजिन खोलायचं कसं?

आय. सी. इंजिन्सच्या लॅबमध्ये आपण कट-सेक्शन मॉडेल बघतो, जर्नल पूर्ण करतो आणि विसरतो. कोकणातल्या बंदरांवर मात्र हाच विषय पोटापाण्याचा असतो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवतात आणि जुनी डिझेल इंजिनं खोलायला हाच काय तो वेळ मिळतो. ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला लावता येतो. समुद्रात इंजिन बंद पडलं तर नौका लाटांना आडवी होते आणि तांडेल-खलाशांच्या जिवावर बेततं.

ट्रकचं आणि नौकेचं इंजिन यात मोठा फरक आहे तो कूलिंगचा. इथे रेडिएटरऐवजी हीट एक्स्चेंजर असतो. इंजिनातलं गोडं पाणी आपली उष्णता खाऱ्या पाण्याला देतं. खारं पाणी धातू खातं, म्हणून तिथे झिंकची कांडी बसवतात. आधी झिंक झिजतं, बाकीचे भाग वाचतात. त्यामुळे कांडी किती उरली आहे आणि खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर फाटलाय का, हे आधी बघायचं.

आता मुख्य काम. खोलताना एक नियम पक्का लक्षात ठेवा : जो भाग जिथून काढला, तिथेच परत गेला पाहिजे. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला जोडूनच बोअर केलेल्या असतात. दोन नंबरची कॅप तीनवर बसवली तर क्रँकशाफ्ट जाम होऊ शकतो. कनेक्टिंग रॉडचंही तसंच. म्हणून आधी नंबर-पंच मारायचा, मगच पाना लावायचा. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचून ठेवायचे. फ्युएल पाइपची तोंडं लगेच बंद करायची, कारण बारीकशी धूळही इंजेक्टर खराब करते.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करायचे. आवळताना उलट, म्हणजे मधून बाहेर आणि टॉर्क रेंचनेच. नाहीतर हेड वाकतं. पिस्टन वर काढण्याआधी लायनरच्या तोंडाशी साचलेला कार्बन खरवडायचा, नाहीतर रिंगा तुटतात. पिस्टन अडकलाच तर घण घालायचा नाही. डिझेल आणि ऑइल ओतून वाट बघायची. लायनर वरच्या बाजूला जास्त झिजतो, म्हणून माप वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी घ्यायचं.

सगळं जोडल्यावर लगेच स्टार्ट मारू नका. फ्युएल लाइनमधली हवा काढा. मग डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन नुसतं फिरवा.

जुन्या इंजिनाचं मॅन्युअल बऱ्याचदा हरवलेलं असतं. अशा वेळी खोलताना आपण वहीत जे टिपून ठेवतो, तेच मॅन्युअल होतं. तेव्हा दोस्तांनो, पान्याबरोबर वही-पेन्सिलही खिशात ठेवा!