डावी सीट

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की तो बरीच वर्षं एका चिमणीपाशी येऊन अडायचा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटर उंचीची ती चिमणी होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत येत होती. 15 जून 2023 रोजी ती पाडली. भवानी पेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवर त्या काळात उघड दोन तट पडले होते, एक कारखान्याचा, एक विमानतळाचा. पुढे जून 2025 मध्ये गोव्याचं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, आणि आता टपरीवर तिकिटाचा दर चघळला जातो. या सगळ्या भांडणात एका जातीच्या माणसाची आठवण कुणालाच झाली नाही. त्याला विमानाने कुठे जायचं नसतं. त्याला विमान उडवायचं असतं.

छोट्या विमानात पायलट डाव्या सीटवर बसतो. आपल्याकडे स्वतःचं विमान असलेली माणसं आहेत, पण त्यातली बहुतेक मागे बसून कागदपत्रं चाळतात. पुढे पगारी पायलट. गाडी घेतली की ती स्वतः चालवायची हौस आपल्याला असते, विमानाच्या बाबतीत मात्र मालकी आणि हौस यांची कधी गाठच पडली नाही. पडता पडता राहिली, असं म्हणणं जास्त बरोबर.

त्या गोष्टीचं एक टोक सोलापुरातच आहे. अशोक चौकातल्या ‘वालचंद’ कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते शेठ वालचंद हिराचंद 1882 मध्ये सोलापुरात जन्मले. 1939 मध्ये अमेरिकेहून परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली नावाच्या विमानव्यावसायिकाशी गाठ पडली आणि 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्धाच्या रेट्यात 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. जहाज, मोटार, विमान, तिन्हींत हात घालणारा हा माणूस. विमानाचा कारखाना त्याच्या हातात जेमतेम दीड वर्ष राहिला.

त्याच कारखान्यात पुढे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी विमानं आखली. घाटगे कोल्हापूर भागातले, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांचं एचटी-2 हे शिकाऊ विमान 5 ऑगस्ट 1951 रोजी उडालं. पण हौशी वैमानिकांच्या दृष्टीने खरं महत्त्वाचं विमान म्हणजे पुष्पक. 28 सप्टेंबर 1958 रोजी ते पहिल्यांदा आकाशात गेलं. दोन माणसं शेजारी-शेजारी, 90 अश्वशक्तीचं इंजिन, शेपटीखाली एक छोटं चाक. अमेरिकेच्या एरॉन्का चीफ विमानावरून ते बेतलेलं होतं आणि दीडशेच्या आसपास बनवली गेली. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एक अख्खी पिढी त्याच्यावर शिकली.

पुष्पकचं अंग कापडाचं होतं हे सोलापूरसारख्या मागाच्या गावात मुद्दाम सांगायला हवं. सांगाड्यावर कापड चढवायचं, पंखाच्या फासळ्यांना ते दोऱ्याने टाचायचं, टाचणीवर कातरकडेची पट्टी बसवायची आणि वरून ‘डोप’ नावाचं उग्र वासाचं रसायन एकावर एक हात देत लावत जायचं. डोप सुकताना कापड आक्रसतं. ताण नीट बसला की बोटाने टिचकी मारल्यावर टणटण वाजतं, मऊ लागलं तर पुन्हा काम. या कामाला विणकराचा हात लागतो. घोंगडे वस्तीतल्या कुणाही जुन्या कारागिराच्या पुढ्यात तो पंख ठेवला असता तर ताण कुठे कमी आहे ते त्याने न विचारता दाखवलं असतं.

याच्याही आधी जुहू होतं. 1928 मध्ये तिथे धावपट्टी आली, त्याच साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी ते पस मॉथ विमानात टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मला त्याआधीचा एक प्रसंग जास्त बोलका वाटतो. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 1930 मध्ये जेआरडी इकडून निघाले, सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर तिकडून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले तेव्हा अ‍ॅस्पी स्पार्क प्लगपायी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. बक्षीस अ‍ॅस्पीने जिंकलं, आणि पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला. हौशी लोकांचा कुठलाही गोतावळा याच रीतीवर चालतो. स्पर्धा असते, पण समोरच्याचं विमान जमिनीवर पडून राहिलं तर कुणालाच झोप लागत नाही.

दिवाळी अंकात विमान आलं की शिवकर बापूजी तळपदे यायलाच हवेत, म्हणून एवढंच: 1895 मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचा भक्कम पुरावा नाही आणि त्या दाव्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत असा निर्वाळा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये दिला. तळपद्यांवर आपण जेवढी शाई खर्च केली तिचा दहावा हिस्सा घाटग्यांच्या वाट्याला आला असता तर बरं झालं असतं.

मग क्लबांचं काय झालं? ते संपले नाहीत, बदलले. पूर्वी खासगी परवाना हाच मुक्काम होता. वकील, डॉक्टर, कापड व्यापारी रविवारी यायचे, तासभर उडायचे, कँटीनमध्ये गप्पा मारून घरी जायचे. आता खासगी परवाना ही व्यावसायिक परवान्याच्या वाटेवरची एक पायरी झाली. व्यावसायिक परवान्याला 200 तास उड्डाण लागतं, त्यासाठी घरं गहाण पडतात, आणि तिथे आलेल्या पोराच्या डोक्यात हप्ता असतो. त्याला दोष देणार कोण? जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा, बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाणशिक्षण धुळ्याला गेलं, बारामती आणि गोंदियाजवळच्या बिरसीला प्रशिक्षण संस्था आल्या. विमानं वाढली आणि रविवारचा माणूस त्यांच्यातून उठून गेला.

पैशाचंही बोलू. विमानाची किंमत हा एकच खर्च, तो एकदाच होतो. त्यानंतर हँगरचं भाडं, विमा, दर शंभर तासांची तपासणी, परवानाधारक इंजिनिअरची सही, आणि ठरावीक तास भरले की इंजिन पूर्ण उघडणं. विमान उडो न उडो, यातलं बरंचसं चुकत नाही. इंधनाची गोष्ट तर गमतीची आहे. सेस्ना 172 सारख्या जुन्या घराण्यातल्या विमानाला एव्हगॅस लागतं. विमानतळावर मोठ्या विमानांना भरतात ते केरोसिनच्या जातीचं इंधन त्याला चालत नाही, आणि एव्हगॅस आपण 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्यात बनवायला घेईपर्यंत परदेशातून आणत होतो. हलक्या विमानांतली रोटॅक्सची इंजिनं मात्र पंपावरच्या पेट्रोलवर चालतात. हौस परवडेल ती याच इंजिनांवर, असं माझं मत आहे.

असंच एक विमान म्हणजे ‘माही’. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं सायनस, 80 अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन, रिकामं वजन एखाद्या मोटारीच्या निम्म्याहून कमी. मुंबईच्या आरोही पंडितने मे 2019 मध्ये ते एकटीने अटलांटिकपार नेलं: स्कॉटलंडमधलं विक, आइसलँड, ग्रीनलंड, आणि कॅनडातलं इकालुइट. हलक्या क्रीडाविमानातून हे करणारी ती जगातली पहिली स्त्री. 15 ऑक्टोबर 2021 रोजी ती भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली, जेआरडींच्या वाटेची आठवण म्हणून. जेआरडींनी स्वतः हाच कराची-मुंबई प्रवास 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी पुन्हा केला होता. हौस पिढ्यांमधून चालत येते ती अशी.

आणि अमोल यादव. नोकरीने पायलट, कांदिवलीतल्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. सुटे भाग करून क्रेनने खाली उतरवलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं. खरी कसरत तिथून पुढे. नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये, उड्डाण धुळ्याच्या धावपट्टीवर 2020 मध्ये. गच्चीवर विमान बांधता येतं, पण कागदाला गच्ची पुरत नाही. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना 1953 मध्ये निघाली. दर जुलैत ऑशकॉशच्या तिच्या मेळाव्याला दहा हजारांच्या घरात विमानं उतरतात, त्यात गॅरेजमध्ये जोडलेली कितीतरी. तिकडची माणसं आपल्याहून धाडसी आहेत असं नाही. तिथे हौशी बांधणाऱ्यासाठी नियमांत वेगळं दार आहे. आपल्याकडे यादवांना एका विमानासाठी मंत्रालयापर्यंत जावं लागलं.

ब्रिटनमध्ये दुसरी युक्ती आहे. चार-सहा जण मिळून एक विमान घेतात, महिन्याची वर्गणी ठरते, पाळीने उडवतात. आपल्या भिशीसारखाच हा हिशेब, फक्त इथे पैशांऐवजी रविवार वाटून घ्यायचे. भिशी चालवण्यात ज्या भवानी पेठेचा हात कुणी धरणार नाही, तिथे हे कुणाला सुचू नये याचं नवल वाटतं.

तूर्त सगळ्यात स्वस्त दार पुण्यात आहे. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर सरकारी आहे. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या टोकाला विंच, तिच्यावर गुंडाळली जाणारी लांब दोरी, आणि काही सेकंदांत जमीन खाली राहते. वर गेल्यावर दोरी सोडायची. त्यानंतर हवेचा चढा झोत सापडला तर तुम्ही वर, नाही तर वळसा घालून खाली. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंगवाले हेच कापडाच्या छत्रीखाली करतात. डाव्या सीटची चटक लागते की नाही हे तपासायला घर गहाण टाकायची गरज नाही.

ज्याला ती चटक लागलीच असेल त्याच्यासाठी: खासगी परवान्याला वय 17 पूर्ण, किमान 40 तास उड्डाण, आणि हवाई नियम, हवामान, दिशादर्शन यांच्या परीक्षा. वैद्यकीय तपासणी पैसे भरण्याआधी करून घ्यावी. लाल-हिरव्यात गल्लत करणारे डोळे आपल्याला आहेत हे कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळतं, आणि संस्था फी परत करतेच असं नाही.