मेद आणि मज्जा

शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाची उंची व वजन शाळेच्या डॉक्टरने नियमाने मोजावे आणि त्या मुलाच्या नावाच्या पत्रिकेत टिपून ठेवावे, असा शिरस्ता डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून पडला होता. मुले मोठी झाली, संसाराला लागली, त्यांतील कित्येक वृद्धही झाली; पण बालपणीच्या त्या पत्रिका शहराच्या दप्तरात जशाच्या तशा राहिल्या. त्याच देशात १९५६ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जारोगाच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या दोन दप्तरांची परस्परांशी रुजुवात घालण्यात आली, तेव्हा असे आढळले की, तीन लाख दोन हजारांवर मुलांपैकी ७७४ जणांना पुढे हा रोग जडला होता. आणि सात ते तेरा या वयात ज्या मुली आपल्या बरोबरीच्या मुलींतील सर्वांत स्थूल अशा शेकडा पाचांत मोडत होत्या, त्यांना तो जडण्याचा संभव साधारण बांध्याच्या मुलींहून दीडपटीपासून जवळजवळ दुपटीपर्यंत अधिक होता. मुलग्यांत हा संबंध काहीसा क्षीण दिसला.

लठ्ठपणाने मधुमेह होतो, हृदय थकते, गुडघे झिजतात, हे आता सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. परंतु मेंदू आणि पृष्ठरज्जू यांच्या व्याधीचे मूळ शाळकरी वयातील मेदवृद्धीपर्यंत पोहोचावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी कोणालाही अघटित वाटेल. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे स्वरूप प्रथम सुसंगतपणे मांडले. मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते आणि त्याच्या योगाने संदेश वेगाने व निर्वेधपणे वाहतात. शरीराचे रक्षण करणे हेच ज्यांचे काम त्या प्रतिकारक पेशी या रोगात त्याच आवरणावर चाल करून जातात. रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो, आणि स्त्रियांना पुरुषांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात गाठतो. एखाद्या तरुणीला सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसू लागते, डोळा फिरवला की आत ठणकते, आणि कुंकवाचा लाल रंग त्या डोळ्याला फिकट, मळकट भासतो. काही आठवड्यांनी दृष्टी सुधारते आणि घरचे निश्चिंत होतात. मग वर्षा-दोन वर्षांनी पाय बधिर होतात. विशेष हे की, मायलिनच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो. म्हणजे मज्जेचे रक्षण करणाराही मेदच, आणि अन्यत्र अतिरेकाने साचला असता तिच्या नाशाला हातभार लावणाराही मेदच.

कोपनहेगनचा दाखला एकाकी नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याचा जो दीर्घ अभ्यास १९७६ मध्ये सुरू झाला आणि ज्याची दुसरी तुकडी १९८९ मध्ये नोंदवली गेली, त्या दोहोंतील दोन लाख अडतीस हजारांवर स्त्रियांची माहिती २००९ साली तपासण्यात आली. वयाच्या अठराव्या वर्षी ज्यांचा शरीरभारांक (बीएमआय) तीस वा त्याहून अधिक होता, त्यांना हा रोग होण्याचा धोका सडपातळ स्त्रियांच्या सव्वादोन पट होता. पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या वर्षी आपला बांधा कसा होता, हे सांगण्यासाठी या स्त्रियांपुढे नऊ आकृत्यांची एक रांग ठेवलेली होती, पहिली अगदी कृश आणि नववी अतिस्थूल. आपल्या त्या वयाशी जुळणारी आकृती निवडून तिच्यावर खूण करावयाची. विसाव्या वर्षासाठी ज्यांनी शेवटच्या स्थूल आकृत्यांवर खूण केली, त्यांचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. उलट, प्रौढपणी वाढलेल्या वजनाचा असा काही संबंध दिसला नाही. माझ्या मते या सर्व संशोधनाचा गाभा येथेच आहे: प्रश्न केवळ किती मेद साचला याचा नाही, तो कोणत्या वयात साचला याचा आहे.

यावर कोणी सुज्ञ वाचक अशी हरकत घेईल की, स्थूल मुलांच्या घरचे दारिद्र्य, त्यांचा आहार किंवा आणखी काही हेच खरे कारण असेल, आणि स्थूलता त्याची केवळ सोबतीण. या हरकतीला माँट्रियलच्या संशोधकांनी २०१६ साली चांगले उत्तर दिले. वजन वाढण्याकडे कल असणारी जनुके मनुष्याला गर्भधारणेच्या क्षणीच मिळतात. पुढची परिस्थिती ती बदलू शकत नाही. अशी जनुके अधिक असलेल्यांत हा रोगही अधिक आढळला. माणूस जाड या वर्गातून लठ्ठ या वर्गात जाण्याइतका भारांक वाढला की धोका सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब आहे.

हे घडते कसे? चरबी म्हणजे निव्वळ साठा नव्हे. ती अखंड रसस्राव करणारी इंद्रियासारखी ऊती आहे. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक चरबीतूनच स्रवते आणि भुकेइतकेच प्रतिकारशक्तीवरही अंमल चालवते: आक्रमक पेशींना चेतवते आणि त्यांना आवर घालणाऱ्या नियामक पेशींची वाढ रोखते. नेपल्स येथील ज्युसेप्पे मातारेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लेप्टिनरहित उंदरांत या रोगाची प्रायोगिक प्रतिकृती उत्पन्नच होत नाही. त्यात ड जीवनसत्त्वाची भर. ते चरबीत विरघळते आणि तेथेच अडकून पडते. सारख्याच किरणांखाली ठेवलेल्या स्थूल माणसांच्या रक्तातील त्याची वाढ इतरांहून ५७ टक्क्यांनी कमी भरल्याचे २००० साली नोंदवले गेले आहे, आणि त्याची न्यूनता हे या रोगाचे स्वतंत्र कारणही मानले जाते. एपस्टीन-बार या विषाणूचा संसर्ग आणि वारसा यांचा वाटा तर याहून मोठा. स्वीडनमधील अभ्यासात विशिष्ट जनुकांचा वारसा आणि तारुण्यातील लठ्ठपणा एकत्र आले, तेव्हा धोका तेरापटीहून अधिक झाला.

तरीही मातापित्यांनी धास्ती घेऊ नये. कोपनहेगनच्या तीन लाखांत रुग्ण निघाले ते हजारी तीनही नव्हेत. दुप्पट झाला तरी हा धोका अल्पच राहतो. आणि ज्या तरुणीला रोग झाला, तिला ‘लहानपणी फार खाल्लेस’ असे ऐकवणे हे निखालस क्रौर्य आहे; कृश माणसांनाही तो होतो, आणि दहाव्या वर्षी ताटात काय पडावे हे मूल ठरवत नसते.

हे आकडे मात्र बहुतांशी पाश्चात्य देहांवरून काढलेले आहेत, हे आपल्याकडे ध्यानात ठेवावयास हवे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभारांक २२.३, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी लठ्ठपणाची मर्यादा तीसऐवजी पंचविसावर धरतात, आणि कमरेचा घेरही मोजून तो पुरुषांत नव्वद व स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटरच्या आत राखावयास सांगतात.

ज्यांना हा रोग आधीच झालेला आहे, त्यांना पूर्वी श्रम टाळण्याचा सल्ला देत, कारण अंग तापले की लक्षणे उफाळतात, हे १८९० पासून ठाऊक होते. परंतु तो उफाळा तात्पुरता असतो, त्याने मज्जेची अधिक हानी होत नाही, आणि नियमित व्यायामाने बळ वाढते व थकवा उतरतो, असे गेल्या तीस वर्षांतील प्रयोगांनी दाखवले आहे. तेव्हा सकाळच्या गारव्यात चालणे, पंख्याखाली बेताचा व्यायाम किंवा पोहणे, जे झेपेल ते, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर चालू ठेवावे.