उप्पिटाची किंमत आणि बावड्याचा गूळ

कसबा बावड्यात सकाळी घराघरांत होणारे उप्पीट २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाऊन पोहोचले. स्पर्धा होती 'टॉप शेफ मास्टर्स', आणि ते रांधणारे होते मूळचे मुंबईचे, गोव्याच्या ख्रिस्ती घरातले फ्लॉइड कार्डोझ. परीक्षकांपुढे त्यांनी रव्याचा उपमाच ठेवला. त्यात रानातली अळंबी होती, कोकम होते, नारळाचे दूध होते. कार्डोझ जिंकले. बक्षिसाचे एक लाख डॉलर त्यांनी कर्करोगाच्या संशोधनाला दिले.

जीवरसायनशास्त्र शिकलेला हा माणूस पुढे हॉटेलच्या शिक्षणाकडे वळला. स्वित्झर्लंडला जाऊन तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि १९९८ मध्ये तिथे 'तबला' या रेस्टॉरंटचा प्रमुख झाला. भारतीय मसाला महागड्या ताटात मानाने बसू शकतो, हे 'तबला'ने तिथल्या खवय्यांना दाखवले. मग २०१५ मध्ये दोन भागीदारांबरोबर कार्डोझ यांनी मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमध्ये 'द बॉम्बे कँटीन' उघडले.

त्या काळात मोठ्या हॉटेलची प्रतिष्ठा कशावर मोजली जायची, हे आठवले तर या गोष्टीचे महत्त्व कळते. मासा नॉर्वेचा, चीज फ्रान्सचे, भाजी विमानातून आलेली. ज्वारी म्हणजे गरिबाची भाकरी आणि नाचणी आजाऱ्याची आंबील, असा समज. कँटीनने सातू आणि ज्वारीचे सॅलड केले आणि ते त्या जागेची ओळख बनले. तिथले पहिले मुख्य शेफ थॉमस झकारियास देशभर हिंडले, गावोगावच्या स्वयंपाकघरांत बसून शिकले आणि जे शिकले ते हंगामाप्रमाणे ताटात आणत राहिले.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात 'मास्क' सुरू झाले. काश्मिरी शेफ प्रतीक साधू आणि आदिती दुगड यांचा हा उद्योग. इथे मेन्यूकार्डातून निवडायचे नाही, शेफ जे एकामागून एक वाढतील ते खायचे, आणि जिन्नस या देशाचेच. आशियातल्या उत्तम पन्नास रेस्टॉरंटांच्या यादीत २०२३ मध्ये ते सोळावे आले. साधू तोवर बाहेर पडले होते. त्याच वर्षी त्यांनी हिमाचलात कसौलीजवळ 'नार' हे मोजक्या खुर्च्यांचे, पहाडी जिन्नसांचे रेस्टॉरंट काढले.

आता बावड्याचा माणूस विचारेल, यात नवल काय? आमच्याकडे मिसळ बावड्याच्या नावानेच ओळखली जाते, तांबडा-पांढरा रस्सा खानावळीत मिळतो, चटणी घरची असते. बरोबर आहे. स्थानिक खाणे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. पण खानावळीच्या पाटीवर रश्श्याचे नाव असते. तांदूळ कुणाच्या शेतातला आणि गूळ कुठल्या गुऱ्हाळातला, हे कुणी लिहीत नाही, कारण कुणी विचारत नाही. या महागड्या रेस्टॉरंटांनी एक गोष्ट मात्र नक्की केली: त्यांनी तो प्रश्न विचारायला लावला. त्यांची बिले सामान्य घराला परवडणारी नाहीत, आणि ज्वारी पिकवणाऱ्यालाच ज्वारीचे ते सॅलड परवडू नये हा विरोधाभास आहेच. तरीही तो प्रश्न मोलाचा आहे.

आजऱ्याचा घनसाळ घ्या. शिजताना घरभर वास सुटणारा हा तांदूळ. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण उतारा कमी आणि पीक उंच वाढून लोळणारे, म्हणून शेतकरी जास्त पिकणाऱ्या वाणांकडे वळतो. वासाचे पैसे देणारा गिऱ्हाईक असेल तरच तो घनसाळ लावणार.

गुळाची गोष्ट तर बावड्याच्या दारातली. इथे राजाराम कारखाना उभा आहे आणि पंचगंगेच्या दोन्ही काठांना ऊस. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. गुऱ्हाळात चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडे जळत असतात. रसात रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहायचे. पाक कधी उतरायचा हे गुळव्या ठरवतो. गरम पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. अर्धा मिनीट इकडे तिकडे झाले तर आधण वाया. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत नाही, आणि गुळव्याची मुले आता त्या धगीपुढे उभी राहायला तयार नाहीत.

असा नुसत्या भेंडीवर केलेला गूळ रंगाने तांबूस-काळपट होतो. बाजाराला हवा असतो पिवळाधमक. मग रंगासाठी 'हायड्रॉस' पावडर पडते, कुठे साखरही मिसळली जाते. गुळव्याला दोष देणे सोपे आहे. पण सौद्यात काळ्या रव्याला भाव कमी लागतो, आणि तो भाव शेवटी दुकानासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी ठरतो. मुंबईत ज्वारीच्या बाबतीत कार्डोझ आणि झकारियास यांनी बदलली ती गिऱ्हाइकाची नजर.

मार्च २०२० च्या सुरुवातीला कँटीनच्या पाचव्या वाढदिवसासाठी कार्डोझ मुंबईत होते. परत गेले आणि २५ मार्चला न्यूजर्सीत कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. वय एकोणसाठ. कँटीन चालू राहिले. झकारियास यांनी पुढे 'द लोकावोर' हा उपक्रम सुरू करून शेतकरी आणि खाणारा यांना जोडण्याचे काम हाती घेतले.

बावड्यात अजून असे रेस्टॉरंट नाही. पण गूळ आहे. पीराच्या मलिद्यात आणि संक्रांतीच्या तिळगुळात तो एकच असतो. रमजानमध्ये संध्याकाळी इफ्तारच्या पन्ह्यासाठी घरोघरी तो फोडला जातो, आणि दुकानदार सवयीने पिवळ्या ढेपेकडे हात नेतो. काळा मागितला तर तो आत जाऊन, पोत्याखालून काढून आणतो.