घेण्याचे आणि देण्याचे माप एकच हवे

१० ऑगस्ट २०१५ हा दिवस जैन समाज विसरलेला नाही. त्या दिवशी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रत आत्महत्येच्या कायद्याखाली दंडनीय ठरविले. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. आत्महत्येमागे नैराश्य आणि आवेग असतो. संथाऱ्यामागे कषायांचे शमन, गुरूंची अनुज्ञा, सर्व जीवांशी क्षमापना आणि शांत चित्त असते. हा भेद लक्षात न घेताच आपल्या व्रताचा निवाडा झाला, असे समाजाचे गाऱ्हाणे होते.

गाऱ्हाणे रास्तच होते. परंतु जी समजूत आपण इतरांकडून अपेक्षितो, ती त्यांच्या रूढींविषयी आपण दाखवितो काय?

जर्मनीत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस १८८३-८४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळील बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत राहिले. कोणत्याही समाजाची रूढी प्रथम त्याच्याच परिस्थितीच्या संदर्भात पाहावी, हा विचार पुढे त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी रुजविला. त्यालाच सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात.

इन्युइट लोक सील नावाच्या सागरी प्राण्याची शिकार करीत. हे वाचताच जैन मन शहारते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या हिमभूमीत धान्य पिकत नाही. सीलचे मांस हे त्यांचे अन्न, कातडे हे वस्त्र आणि चरबी हे दिव्याचे तेल. शिकार वाटून खाण्याची तेथे रीत होती. मारलेल्या सीलच्या मुखात गोडे पाणी घालून त्याचा मान राखला जाई. हे जाणल्यावर हिंसा अहिंसा होत नाही; परंतु त्या माणसांना क्रूर म्हणणारी जीभ मात्र अडखळते.

मग प्रत्येक रूढी क्षम्यच मानावयाची काय? तसे नव्हे. सतीची चालही रूढीच होती. १८२९ मध्ये बंगालमध्ये ती कायद्याने बंद झाली, हे योग्यच झाले. अनेकान्तही सर्वच मते सारखी खरी आहेत असे सांगत नाही. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, तर 'एका विशिष्ट अपेक्षेने'. ती अपेक्षा कोणती, हे शोधण्याचे श्रम अनेकान्त आपल्याकडून मागतो.

म्हणून निवाड्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही रूढी कोणत्या परिस्थितीत उपजली? ती पाळणारे तिचा अर्थ काय सांगतात? आणि तिचा भार ज्याच्यावर पडतो, त्याला नकार देण्याची मोकळीक आहे काय? चितेवरील विधवेला ती नव्हती. म्हणूनच सती आणि स्वेच्छेचा संथारा एका पारड्यात घालता येत नाहीत. मात्र हाच तिसरा प्रश्न आपल्या घरातील प्रत्येक व्रताला, प्रत्येक दीक्षेलाही विचारला गेला पाहिजे. त्यातून सुटका नाही.

घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे, हे व्यापारी घरातील मुलालाही शिकविले जाते. दुकानातील तराजूला लागू असलेला हा नियम मनातील तराजूलाही लागू आहे.