तिसगावची बोली आणि संगणकातले गाव

कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावर, अहिल्यानगर आणि पाथर्डी यांच्या दरम्यान असलेल्या तिसगावसारख्या गावात ‘पाणी’ आणि ‘पानी’ हे दोन्ही उच्चार शेजारी नांदू शकतात. त्यांपैकी एक दुसऱ्याला मागे कसा सारतो, हे मात्र एका माणसाच्या आयुष्यात पाहून कळत नाही. म्हणून भाषाभ्यासक संगणकात काल्पनिक माणसांची वस्ती उभारतात, प्रत्येकाला अमुक उच्चार वापरण्याची एक शक्यता नेमून देतात आणि प्रत्येक भेटीनंतर ऐकणाऱ्याची शक्यता बोलणाऱ्याच्या दिशेने किंचित सरकवत अशा लाखो भेटी घडवून आणतात. या पद्धतीला प्रतिरूपण म्हणतात.

भाषेतील बदल बहुधा आरंभी रेंगाळतो, मध्ये वेग घेतो आणि शेवटी पुन्हा मंदावतो. रिचर्ड ब्लाइद आणि विल्यम क्रॉफ्ट यांनी २०१२ मध्ये दाखवले की, नुसत्या अनुकरणातून अशी चाल सहसा निघत नाही. दोन रूपांपैकी एकाला समाजात अधिक वजन असेल, तरच ती निघते. शाळेत शुद्ध मानला जाणारा ‘ण’ हे अशा वजनाचे सरळ उदाहरण होय.

तथापि वजन कोणाच्या तोंडून पसरते, हा प्रश्न उरतोच. झुझाना फाज्याल आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील प्रतिरूपणात असे दिसले की, नवे रूप रुजण्यासाठी पुष्कळांशी संबंध असलेली माणसे लागतात, आणि काठावरची एकाकी माणसेही लागतात, कारण मागे पडलेली रूपे तीच जपून ठेवतात व त्यांतलेच एखादे पुढे नवे म्हणून उचलले जाते. तिसगावात शिक्षक आणि दुकानदार पहिल्या गटात सहज बसतील. पण दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणारी पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे कोठे बसवायची? गावाच्या हिशेबात ती काठावरची ठरतात, परंतु फडावर त्यांचा संबंध दूरदूरच्या टोळ्यांशी येतो. ठरावीक माणसांच्या ठरावीक भेटी गृहीत धरणारे प्रतिरूपण येथे अपुरे पडते. वर्षाच्या ऋतूंप्रमाणे भेटींचे जाळे बदलते ठेवावे लागेल.

शिवाय संगणकातील गाव खऱ्या गावाशी ताडून पाहायचे, तर वेगवेगळ्या पिढ्यांच्या बोलण्याच्या नोंदी हव्यात. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ चा आहे, आणि अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे. त्यांच्या मधला काळ भरून काढायचा, तर पाथर्डी तालुक्यातील महाविद्यालयांनी गावोगावच्या वृद्धांचे बोलणे, त्यांच्या संमतीने आणि जन्मवर्षाच्या नोंदीसह, आताच ध्वनिमुद्रित करून ठेवावे.