कोय कलम आणि केळशी

केळशीत एका अंगाला भारजेची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, गावात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वर कातळाला हापूसची कलमं. या गावाच्या पोटापाण्याशी थेट नातं असलेलं सरकारी शिक्षणकेंद्र तालुक्यातच आहे : दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. १८ मे १९७२ रोजी ते स्थापन झालं.

अशा कृषी विद्यापीठांची मूळ कल्पना अमेरिकेतली. १८६२च्या कायद्याने तिथे राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. आपल्याकडे त्या धर्तीचं पहिलं विद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघालं. शिकवायचं, संशोधन करायचं आणि ते आपल्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या बांधावर न्यायचं, असं त्याचं काम. यातलं तिसरं सर्वांत अवघड, आणि माझ्या मते विद्यापीठाचा कस तिथेच लागतो.

कोय कलमाचंच बघा. पूर्वी भेट कलम करायचं तर कुंडीतलं रोप मूळ झाडाच्या फांदीपाशी न्यावं लागे, प्रसंगी मचाण बांधून. दापोलीने कोय कलमाची पद्धत बसवून दिली. पावसाळ्यात कोय रुजते, रोप अजून तांबूस आणि कोवळं असतानाच शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. हे काम पडवीत बसून होतं. आंबा उतरवायच्या ‘नूतन’ झेल्याचंही तसंच : आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही.

उलट, नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली आलेल्या, विद्यापीठाच्याच ‘रत्ना’ जातीत साका (गर खराब करणारा दोष) नसतो, ती फळतेही नेमाने, तरी बागायतदार हापूस सोडायला तयार झाला नाही. बाजार हापूसचं नाव मागतो. यात शेतकऱ्याचा हट्ट मला दिसत नाही, हिशेब दिसतो.

३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ वादळात या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर मधल्या जागेत काय घ्यायचं, रोप कुठलं निवडायचं, वाऱ्याला आडोसा कसा करायचा, हे सांगणारं माणूस वाडीत यायला हवं. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून गावांत राहतातच. त्यांचा मुक्काम नेमका पावसाळ्यात, कलमं बांधायच्या दिवसांत असतो. केळशी, आंजर्ले, आडे या गावांत हे गट दरवर्षी न चुकता यावेत, आणि आधीच्या वर्षीच्या गटाने लावलेली रोपं त्यांनी आधी मोजावीत.